सतरा नंबर

माणसाची हरभऱ्याएवढी, उंदराची नाचणीएवढी.
कवटीच्या तळाला हाडाचा खळगा,
त्यात देठाने लोंबणारी पीयूषिका.
ती ओढून काढायला मी शिकले
सागरमाळावर, प्राणिशास्त्राच्या मागच्या खोलीत,
एका पौषात बारा उंदीर मारून
आणि तेराव्याला जगवून.

जगलेल्यांना दस्तगीर मुल्ला गुळाचं पाणी पाजायचा.
वहीत मी ग्लुकोज लिहायचे.
"वाढंनात बघा," तराजू पुसत तो म्हणायचा,
"खात्यात, पित्यात, पर काटा हाय तितंच."
काटा तिथंच होता.
उद्यमनगरात एखाद्या कारखान्याचा फोरमन
एका सकाळी आलाच नाही;
माणसं आहेत, भट्टी तापलेली आहे,
आणि कुणी कुणाला काही सांगत नाही,
तसं ते शरीर.

माझे वडील मोल्डर, म्हणून मला हेच सुचतं.
लाकडी पॅटर्न कपाटात, किल्ली मालकाकडे.
भट्टीपर्यंत जाते ती वाळू:
पॅटर्नवर दाबायची, त्याचा आकार उतरवून घ्यायचा,
लोखंड ओतायचं, आणि निवल्यावर
साचा मोडून टाकायचा.
रोज. तीच वाळू पुन्हा चाळून, पुन्हा भिजवून.
आरएनए म्हणजे काय, हे मला
पुस्तकाआधी त्यांच्या नखांतल्या काळ्यावरून कळलं होतं.

सतरा नंबर खांबावर चढायला शिकत नव्हता.
दिवा लागायचा. पाच सेकंद.
मग पायाखालच्या जाळीतून वीज.
ज्यांची गाठ शाबूत, ते तिसऱ्या दिवशी
दिवा दिसताच वर.
हा दर वेळी नव्याने दचकायचा,
जणू कालची वीज दुसऱ्याच कुणाला बसली होती.
मेंदूच्या खोडात त्याची वाळू कोरडी पडलेली;
साचे थोडे, आणि होते तेही अर्ध्यात सुटलेले.

चौथ्या दिवसापासून सुई.
पीयूषिकेच्या एका संप्रेरकात एकोणचाळीस मण्यांची माळ,
त्यातले फक्त सात.
फोरमन नाही. त्याची चिठ्ठीही नाही.
चिठ्ठीतली अर्धी ओळ.

नवव्या दिवशी दिवा लागला
आणि सतरा नंबर खांबावर होता.
मिशा थरथरत होत्या.
खाली वीज आली, कुणालाच न लागता गेली.
दस्तगीर दारातूनच ओरडला, "शिकलं की वो!"
पोरगं दहावी सुटल्यासारखं.

त्याला सांगायचं राहिलं होतं.
किती शिकलं, हे मोजायला मेंदू लागतो.

सकाळी सव्वासात. बर्फ, कात्री, परीक्षानळ्या.
ऑर्सिनॉल घालून उकळत्या पाण्यात धरली
की नळी हिरवी होते,
जितका आरएनए, तितका रंग गडद.
सतराची नळी उसाच्या पानासारखी झाली.
वहीत आकडा, दशांशानंतर तीन घरं.
सर खूश. त्यांनी चहा मागवला.
पण आकड्याला विचारता येईना,
ह्यातला कुठला हिरवा दिव्याचा, कुठला भीतीचा,
आणि थोडासा गुळाच्या पाण्याचा
होता की नव्हता.

रात्री वडिलांनी नेहमीसारखं विचारलं,
"कास्टिंग बरं उतरलं का?"
हो म्हटलं.
ते हात घासत राहिले, साबणाला वाळू लागत होती.

दस्तगीरनं सतरा नंबरचा पिंजरा धुतला,
उन्हात पालथा घातला.
नवे उंदीर आले तेव्हा सोळा भरला, अठरा भरला.
मी विचारलं नाही.

आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली.
राजारामपुरीत वीज जाते, येते.
अंधारात बसलेली असताना एकदम दिवा लागला
की अजून, नकळत,
मी पाय वर घेते
आणि पाचपर्यंत मोजते.